तेरड्याचा रंग तीन दिवस? माझ्या नखांवर तो अजून आहे

रानहळद | ६ सप्टेंबर, रात्री ९:४०

मंडळी, विषय नखं रंगवण्याचा आहे आणि जरा सविस्तर लिहिणार आहे.

माझं माहेर अलिबागजवळ. आमच्याकडे गौर तेरड्याची. तेरड्याची रोपं मुळासकट उपटून आणायची, मुळं धुवायची, जुडी बांधायची आणि तिला साडी नेसवून मुखवटा लावायचा. ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. लहानपणी मुळांची माती धुवायचं काम माझ्याकडे असे आणि आजी ओटीवरून सांगे, "हळू चोळ गो, पाय आहेत तिचे."

यंदा माझ्यासोबत एक पाहुण्या आल्या होत्या. मी पुण्यात मराठी शिकवते. नवऱ्याची बदली चाकणला झाली म्हणून सोलहून आलेल्या एक बाई दोन वर्षं माझ्याकडे शिकताहेत. पन्नाशीच्या पुढच्या आहेत. मला ‘सन्सेंगनिम’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘बाई’. अंगणात ठेवलेली तेरड्याची जुडी बघितली आणि त्या तिथेच उकिडव्या बसल्या. खाली गळलेलं एक फूल उचलून करंगळीच्या नखावर ठेवलं आणि मराठीत म्हणाल्या, "हे नखाला लावतात. तुम्ही लावत नाही?"

आम्ही नाही लावत. आईने कधी लावलं नव्हतं, आजीने लावल्याचं तिला आठवत नव्हतं. मेंदी लावतो, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, बोटांच्या टोकांना टोप्या घालून, त्यात नखंही रंगतात. पण तेरडा? तेरड्याबद्दल आपल्याला एकच गोष्ट पाठ: तेरड्याचा रंग तीन दिवस.

गौरीच्या जुडीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. विहिरीकडे जाताना तेरडा नुसता माजलाय, तिथून मूठभर फुलं आणली आणि तितकीच पानं. पानं कशाला, विचारलं तर म्हणाल्या, रंग पानांत जास्त असतो. आईकडून तुरटीचा खडा घेतला. तिन्ही खलबत्त्यात कुटलं. आधी गुलाबी-हिरवा चोथा दिसत होता, कुटता कुटता काळपट झाला आणि त्याला ओल्या गवतासारखा वास सुटला. नखाभोवतीच्या कातडीला खोबरेल चोपडलं, म्हणजे तिथे डाग कमी पडतो. मग काडीने एकेका नखावर हरभऱ्याएवढी गोळी बसवली आणि नखाच्या कडेपर्यंत दाबली. वर बांधायला त्यांच्या गावी एरंडाचं पान घेत. कुंपणाला एरंड होताच! पानाचे तुकडे करून बोटांवर गुंडाळले आणि शिवणाच्या दोऱ्याने बांधले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दहाही बोटं बांधून बसलीस तर उद्या घावन-घाटल्याचं कोण बघणार?" म्हणून फक्त डावा हात.

सकाळी पानं सोडली. बोटं पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली आणि पाचही नखं केशरी, पिकल्या रायवळ आंब्याच्या सालीसारखी. आज सहावा दिवस. कातडीवरचा रंग निम्मा उतरलाय, नखावरचा आहे तस्सा.

त्यांच्याकडे ही रीत जुनी आहे. १८४९ सालच्या, सणावारांच्या नोंदी करणाऱ्या एका कोरियन पुस्तकात मुली आणि लहान मुलं तेरडा तुरटीबरोबर कुटून नखं रंगवतात असं लिहून ठेवलंय. लाल रंगाने वाईट शक्ती दूर राहतात हा समज त्यामागे होता. पुढे त्याला गोड शेपूट जोडलं गेलं: पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर रंग उरला, तर पहिलं प्रेम फळाला येतं. मी हिशेब घातला. तेरडा फुलतो पावसाळ्यात. सोलमध्ये पहिला बर्फ साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस. मधे तीनेक महिने. नख महिन्याला ३ मिलीमीटरच्या आसपास वाढतं. म्हणजे पहिल्या बर्फाच्या सुमारास नखाच्या टोकाशी रंगाची एक कोर उरलेली असणार, किंवा नुकतीच कापली गेलेली असणार. ज्या कुणी मुलींनी ही गोष्ट पहिल्यांदा एकमेकींना सांगितली, त्यांनी नखांकडे किती बारकाईने बघितलं असेल!

तर मला दोन गोष्टी हव्या आहेत. तुमच्या घरी नखं कशाने रंगवत? आणि तेरड्याचं शास्त्र कुणाला ठाऊक आहे का?

पाटावरवंटा | ६ सप्टेंबर, रात्री १०:२५

छान लिहिलंयस गं. आमच्या वाईला तेरडा दारोदार, पण नखाला लावलेला मीही पाहिला नाही.

आमची नखं रंगायची मेंदीने. कोनबिन काही नव्हतं. कुंपणाची मेंदी ओरबाडून आणायची, पाट्यावर वाटायची, त्यात काथ आणि लिंबू. वाटणारीचे हात आधीच रंगून जात, म्हणून वाटायला सगळ्या पुढे. तळहातावर मधे एक मोठा गोल, भोवती ठिपके, आणि बोटांना टोप्या. हातावरची मेंदी पंधरा दिवसांत जायची, पण नखं दिवाळीपर्यंत लाल. दिवाळीत नख वाढलेलं असे, बुडाशी पांढरं आणि टोकाला लाल. शाळेत कुणाच्या नखावर मेंदी जास्त उरली यावर आमची पैज लागे. कोरियातल्या मुलींसारखंच झालं की हे!

आणि बगळे आठवतात का कुणाला? संध्याकाळी बगळ्यांची माळ डोक्यावरून गेली की आम्ही दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत ओरडायचो, "बगळ्या बगळ्या फुलं दे!" मग नखांवर पांढरे ठिपके उमटले का ते बघायचं. ठिपका म्हणजे बगळ्याने दिलेलं फूल. माझ्या धाकट्या बहिणीच्या नखांवर नेहमी फुलं असायची आणि मला तिचा फार हेवा वाटे.

एक विचारते. माझ्या दारचा तेरडा पांढऱ्या फुलाचा आहे. त्याने रंग येईल का?

दगडफूल | ७ सप्टेंबर, सकाळी ६:५०

मी कोल्हापुरात तीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. तेरड्यावर कुणी इतक्या प्रेमाने विचारलंय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

तेरडा म्हणजे इम्पेशन्स बाल्समिना. त्याच्या पाकळ्यांचा गुलाबी-जांभळा रंग अँथोसायनिन गटातला. हा रंग पाण्यात विरघळतो, उन्हाने विटतो, फूल कोमेजलं की जातो. म्हण त्या रंगाबद्दल आहे आणि तेवढ्यापुरती अगदी खरी आहे.

नखावर चढतो तो मात्र दुसराच. त्याचं नाव लॉसोन. ‘लॉसोनिया इनर्मिस’ या मेंदीच्या शास्त्रीय नावावरून ते पडलं. मेंदीच्या पानात असतो तोच हा पदार्थ, आणि तेरड्यातही तो आणि त्याचे जवळचे भाऊबंद असतात. मेंदीचं कूळ वेगळं, तेरड्याचं वेगळं, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी दोघांनी हा एकच रंग बनवला. लॉसोन केराटिनला जाऊन घट्ट चिकटतो. आपली त्वचा, केस आणि नखं ही सगळी केराटिनची. त्वचेचा वरचा थर दोन-तीन आठवड्यांत झडतो आणि रंग घेऊन जातो. नख झडत नाही, ते बुडातून नवीन तयार होतं आणि जुनं पुढे सरकतं. म्हणून नखावरचा रंग फिका पडून जात नाही, सरकत सरकत कापला जातो.

हाताचं नख महिन्याला ३ ते ३.५ मिमी वाढतं. मधल्या बोटाचं सगळ्यांत भराभर, अंगठ्याचं आणि करंगळीचं सावकाश. पायाची नखं साधारण निम्म्या वेगाने, त्यामुळे पायाच्या अंगठ्यावर लावलात तर वर्षभर सोबत राहील.

पाटावरवंटा, पांढऱ्या फुलाच्या रोपानेही रंग येईल, कारण फुलाच्या रंगाचा इथे संबंध नाही. पानं भरपूर घ्या. आणि तुमच्या बहिणीच्या नखांवरची फुलं: नखाच्या मुळाशी, कातडीखाली जिथे नख तयार होतं, तिथे बारीकसा मार बसला की काही आठवड्यांनी असा ठिपका वर येतो. कॅल्शियम कमी पडल्याने ते येतात असं लोक सांगतात, ते बहुतेक वेळा खरं नसतं. नखं एकमेकांवर जोरजोरात घासणाऱ्या मुलींना ठिपके जास्त दिसत असतील, तर बगळ्याचं देणं अगदीच वाऱ्यावर नव्हतं.

रानहळद | ७ सप्टेंबर, सकाळी ८:०५

सर, किती सुंदर उलगडून सांगितलंत. एकाच झाडात दोन रंग, एक तीन दिवसांचा आणि एक तीन महिन्यांचा. हे मी वर्गात सांगणार आहे.

बाईंनी आणखी एक सांगितलं. हीच रीत चीनमध्ये आहे, तिथेही तेरडा आणि तुरटी. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा बेटांवर तर एक जुनं लोकगीत आहे, त्याचा आशय असा, की तेरड्याच्या फुलांनी जशी नखं रंगवतेस तसं आईवडिलांच्या शब्दांनी मन रंगव. मला हे ऐकून भरून आलं. आपल्या ओव्यांमध्ये सहज बसलं असतं.

नखक्षता | ७ सप्टेंबर, दुपारी १:३०

संस्कृतवाल्यांनी हजेरी लावायला हवी. आपल्याकडे ‘अलक्तक’ म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारा लाल रस, म्हणजेच अलता. कामसूत्रात चौसष्ट कलांच्या यादीत दात, वस्त्रं आणि अंग रंगवणं ही एक स्वतंत्र कला म्हणून मोजली आहे.

त्याच ग्रंथात नखांवर सबंध प्रकरण आहे आणि त्यात आपला उल्लेख आहे! गौड देशातल्या पुरुषांची नखं लांब, हाताला शोभा देणारी आणि बघताच स्त्रियांचं मन वेधून घेणारी. दाक्षिणात्यांची आखूड आणि कामाला टिकणारी. आणि महाराष्ट्रातल्यांची मध्यम, दोन्ही गुण असलेली. नखं वाढवणं, निगुतीने राखणं हे तेव्हा पुरुषांचंही लेणं होतं, हे मला यात फार महत्त्वाचं वाटतं. आज एखाद्या मुलाने करंगळीचं नख रंगवलं की आपण त्याला काय काय ऐकवतो. त्या मुलांनी हे दाखवावं खुशाल.

घुंगरू_सांगली | ७ सप्टेंबर, दुपारी ३:१२

अलत्याचा विषय निघालाच आहे म्हणून. मी भरतनाट्यम शिकवते. आम्ही बोटांची टोकं नखांसकट लाल करतो, तळव्यावर मधे गोल, पायाला कडेने रेघ. मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला पताक आणि कर्तरीमुख या हातांच्या मुद्रांमधला फरक कळायचा तर बोटाचं टोक कुठे संपतं ते दिसावं लागतं, म्हणून तो लाल रंग. लावायला बसलं की हातांना कसलाच स्पर्श करता येत नाही, पाणीही दुसऱ्याने पाजायचं, आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत मन आपोआप कार्यक्रमात शिरतं. माझ्या विद्यार्थिनी आता मार्कर पेनने रंगवतात. पटकन होतं, सुकतंही पटकन. मला ते आवडत नाही आणि मी त्यांना तसं सांगते.

बंगालमध्ये न्हाव्याच्या घरातल्या बाया घरोघर जाऊन बायकांची नखं कापत आणि पायांना अलता लावत. आपल्याकडे न्हावी नराणीने नखं काढून देत असे, पण रंगवण्याचं काम घरच्याच बायका एकमेकींचं करत.

सोमवारपेठ | ७ सप्टेंबर, रात्री ११:०२

नखांचा धागा आणि पुण्याच्या श्रीधर चिल्लाळांचं नाव नाही, असं कसं चालेल? १९५२ पासून त्यांनी डाव्या हाताची नखं कापली नाहीत. शाळेत असताना धक्का लागून एका शिक्षकांचं जपलेलं लांब नख मोडलं, ते शिक्षक रागावून म्हणाले की नख जपायला काय लागतं ते तुला कधी कळणार नाही, आणि या मुलाने ते मनावर घेतलं. पुढे ते वृत्तछायाचित्रकार झाले, संसार केला, सगळं एका हाताने. पाच नखांची मिळून लांबी भरली ९०९.६ सेंटीमीटर, एकट्या अंगठ्याची १९७.८. गिनीज बुकात नाव गेलं. जुलै २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ती नखं यंत्राने कापली आणि तिथल्या संग्रहालयात ठेवली. तोवर ६६ वर्षं झाली होती आणि डाव्या हाताची बोटं नीट उघडेनाशी झाली होती.

ती नखं कापतानाचं चित्रण बघताना माझ्या पोटात कालवलं होतं. एका शब्दासाठी माणसाने सबंध हात दिला.

गृहकृत्यदक्ष | ८ सप्टेंबर, सकाळी १०:१९

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण लांब नखं, रंगवलेली नखं हे सगळं ज्यांना काम करायचं नाही त्यांचं आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. कणीक मळणाऱ्या हाताला नख नको. आमच्याकडे सोमवारी शाळेत नखं तपासत ते योग्यच होतं. नेलपॉलिश लावून जेवण केलं तर पोटात जातं, असं आई म्हणायची.

रानहळद | ८ सप्टेंबर, दुपारी १२:४४

@गृहकृत्यदक्ष, तुमचं अर्धं म्हणणं इतिहासाला धरून आहे. चीनच्या छिंग घराण्यात राजवाड्यातल्या स्त्रिया अनामिका आणि करंगळीची नखं लांब वाढवत आणि ती मोडू नयेत म्हणून त्यांवर सोन्याचांदीची, नक्षीची टोपणं चढवत. काहींवर खंड्या पक्ष्याच्या निळ्या पिसांचं काम असे. राजमाता त्सी-शीचे १९०३-०४ च्या सुमाराचे फोटो आहेत, त्यात ही टोपणं स्पष्ट दिसतात. असा हात घेऊन कुणी भात रोवू शकत नाही, आणि तेच त्यातून सांगायचं होतं.

पण उरलेलं अर्धं मला पटत नाही. तेरडा लावणाऱ्या कोरियन मुली शेतकऱ्यांच्या घरच्या होत्या. मेंदी वाटणाऱ्या पाटावरवंटाकाकू दुसऱ्या दिवशी भाकऱ्याच थापत होत्या. या रंगाला लांब नख लागत नाही. तो नखात मुरतो, त्याचा पापुद्रा निघत नाही, भाकरीच्या पिठात पडत नाही. काम करणाऱ्या हातांनीच स्वतःसाठी शोधलेला रंग आहे हा.

पाटावरवंटा | ८ सप्टेंबर, दुपारी २:०१

अगदी. आणि नेलपॉलिशचं काय घेऊन बसलात, माझ्याकडे तीस वर्षं एक लाल बाटली असते ती भांड्यांसाठी. हळदीकुंकवाला, लग्नाकार्याला शेजारी पातेली द्यायची असली की बुडाला एक लाल ठिपका. सगळ्यांची पातेली सारखीच, पण आमची बरोबर परत येतात.

अनघा_फ्रीमाँट | ९ सप्टेंबर, सकाळी ७:३३

बाटलीतल्या रंगाबद्दल मी थोडं लिहिते, गेली अठरा वर्षं कॅलिफोर्नियात आहे.

पातळ नेलपॉलिश १९१७ च्या सुमारास अमेरिकेत क्युटेक्सने आणलं. आधीची ‘पॉलिश’ म्हणजे खरोखर पॉलिशच, भुकटी किंवा मलम लावून नखं घासून चमकवायची. बाटलीतल्या रंगाचा पाया नायट्रोसेल्युलोज. मोटारींचा रंग आणि जुन्या सिनेमाची रिळं ज्यापासून बनत, तेच हे. ते ॲसिटेटमध्ये विरघळवतात, ते उडून गेलं की नखावर पापुद्रा उरतो. बाटली उघडल्यावर पिकल्या केळ्यासारखा वास येतो तो या ॲसिटेटचा. १९३२ मध्ये रेव्हलॉन निघाली आणि तिने पारदर्शक रंगाच्या जागी घट्ट, नख पूर्ण झाकणारे रंग आणले. आपल्याकडे १९५२ साली टाटांच्या तेलगिरण्यांच्या कंपनीने लॅक्मे काढली. लक्ष्मी या नावाचं हे फ्रेंच रूप.

कृत्रिम नखांचं मूळ दाताच्या दवाखान्यात आहे. १९५४ मध्ये फ्रेड स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याचं काम करताना नख तुटलं, त्याने दातांसाठी वापरायच्या ॲक्रिलिकनेच ते सांधलं. आणि फ्रेंच मॅनिक्युअर हे नाव ऐकून फसू नका, ते १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये जन्मलं. सिनेमातल्या नट्यांना प्रत्येक कपड्याबरोबर चालणारी नखं हवी होती.

मला मात्र सांगायचंय ते इथल्या व्हिएतनामी बायकांचं. १९७५ मध्ये सायगाव पडल्यावर निर्वासितांचे लोंढे आले. सॅक्रामेंटोजवळच्या छावणीत टिपी हेड्रेन ही हॉलिवूडची अभिनेत्री मदतीला जात असे. तिथल्या बायकांना तिची नखं फार आवडली. तिने आपल्या मॅनिक्युअर करणाऱ्या बाईलाच बोलावून घेतलं आणि वीसेक जणींना ते काम शिकवलं. त्या परीक्षा पास झाल्या, त्यांनी बहिणींना, जावांना, मुलींना शिकवलं. आज कॅलिफोर्नियातल्या नखांच्या दुकानांपैकी बहुतांश व्हिएतनामी कुटुंबांची आहेत. मी जिथे जाते त्या बाई साठीच्या आहेत. त्यांच्या स्वतःच्या नखांवर रंग नसतो आणि तोंडावर सदैव मास्क. दिवसभर ती वाफ नाकात जाते. फॉर्मल्डिहाइड, टोल्युइन आणि डायब्युटिल थॅलेट या तिघांविरुद्ध इथे कामगार बायकांनी बरीच वर्षं आवाज उठवला, म्हणून आता बाटल्यांवर ‘यांविना’ असं छापलेलं दिसतं. माझ्या दहा मिनिटांच्या हौसेसाठी कुणीतरी दहा तास त्या हवेत बसलेलं असतं. मी गेले की दार उघडं ठेवा म्हणून सांगते.

भद्रकाली_नाशिक | ९ सप्टेंबर, रात्री ८:४८

अनघाताईंनी विषय काढला म्हणून माझं लिहिते. दोन वर्षांपूर्वी भावाच्या लग्नाला एका पार्लरमध्ये जेल नेलपॉलिश केलं. घाई होती, जेल नखाबाहेर कातडीवर ओघळलं, मुलीने दिव्याखाली हात धरायला लावला आणि झालं. पुढच्या दोन वेळा घरीच संच आणून केलं. तिसऱ्या खेपेला बोटं सुजली, खाज, पाणी भरलेले फोड, नखं मुळापासून सुटायला लागली. नखुरडं असेल म्हणून हळद बांधत बसले, त्यात आठ दिवस गेले.

त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावून चाचणी केली. मेथॅक्रिलेटची ॲलर्जी निघाली. जेल दिव्याखाली घट्ट होतं ते याच पदार्थामुळे. नीट घट्ट न झालेलं जेल कातडीला लागत राहिलं की शरीर ते लक्षात ठेवतं, आणि ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. दातात भरायच्या सिमेंटमध्येही याच कुळातले पदार्थ असतात, त्यामुळे आता दंतवैद्यांना आधी सांगावं लागतं. सप्टेंबर २०२५ पासून युरोपियन युनियनने जेलमधल्या टीपीओ नावाच्या एका घटकावर बंदी घातली आहे, तो माझ्या ॲलर्जीचा नव्हे, पण बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय मला आता लागली.

जेल करूच नका असं म्हणत नाही. कातडीला लागलं तर दिव्याखाली हात घालण्याआधी पुसायला सांगा. काळी मेंदीही टाळा, त्यात बहुधा केस काळे करायचं पीपीडी असतं आणि त्याने असेच फोड येतात.

भूलशास्त्र | १० सप्टेंबर, सकाळी ६:१५

रानहळद, तुमच्या कोरियन बाईंना विचारा, त्यांच्याकडे असा समज आहे का, की तेरड्याने नखं रंगवली तर शस्त्रक्रियेच्या वेळी भूल चढत नाही? माझ्या एका कोरियन सहकाऱ्याकडून मी हे ऐकलं होतं.

भूल चढते. पण आम्ही नखांवरचा रंग नको म्हणतो त्याला कारण आहे. रक्तातला प्राणवायू कमी झाला की ओठ आणि नखं निळसर पडतात, रंगाखाली ते दिसत नाही. शिवाय बोटाला लावतो तो ऑक्सिमीटर नखातून प्रकाश आरपार पाठवून मोजतो. गडद नेलपॉलिशने आकडा चुकू शकतो. करोनाच्या काळात तो घरोघरी आला तेव्हा मला शेजारून रात्री फोन यायचे, आकडा घसरला म्हणून. एकदा विचारलं, नखाला काय लावलंय? गडद निळं. दुसऱ्या बिनरंगी बोटाला लावल्यावर ९७.

नेलपॉलिश पुसता येतं, मेंदी आणि तेरडा पुसता येत नाही. म्हणून ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर एकदोन बोटं कोरी ठेवा. एवढं पुरतं. आम्ही स्वतः रुग्णालयात कृत्रिम नखं लावत नाही, जागतिक आरोग्य संघटनेचा नियमच आहे, नखाचं टोक अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी. नखाखाली जंतू राहतात, आणि लांब नखाखाली जास्त.

रानहळद | १० सप्टेंबर, रात्री ९:१०

विचारलं! आहे हा समज. त्यांच्या आईला शस्त्रक्रियेआधी याच भीतीने रडू कोसळलं होतं म्हणे. तुमचं उत्तर मी त्यांना मराठीतच वाचून दाखवलं, धडा म्हणून. ‘आरपार’ शब्द त्यांना फार आवडला.

रानहळद | १२ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढते आहे. आज बरोबर १०३ दिवस झाले.

सरांनी सांगितलं होतं तसंच घडलं. मधल्या बोटाचा रंग सगळ्यांत आधी गेला, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शेवटची केशरी कोर नेलकटरने कापली. करंगळीचं नख मुळातच आखूड, तिचाही गेला. तर्जनी आणि अनामिकेवर दोऱ्याएवढी रेघ आहे. अंगठ्यावर मात्र पट्टी लावून मोजला, चार मिलीमीटर! खाली सगळं कोरं, गुलाबी, आणि टोकाला गौरी आल्या त्या रात्रीचा रंग. गेले तीन महिने मी रोज फळ्यावर लिहिते तो हात उजवा, पण वही तपासताना डावा कागदावर असतो, आणि नजर तिकडे जायचीच.

मागच्या आठवड्यात बाईंच्या बहिणीने सोलहून पहिल्या बर्फाचा फोटो पाठवला. त्यांनी तो मला दाखवला आणि आपला हात पुढे केला. त्यांच्याही अंगठ्यावर कोर होती. त्यांचे यजमान बाजूलाच चहा पीत बसले होते. त्यांनी मान वर करून हाताकडे बघितलं, हसले आणि पुन्हा चहा प्यायला लागले.

ऑक्टोबरात माहेरी गेले तेव्हा बी धरून आणलं. तेरड्याचं बोंड पिकलं की हात लागताच तडकतं आणि बी उडून जातं, म्हणून आधी भोवती रुमाल धरावा लागतो. चार पाकिटं भरली आहेत, कुणाला हवी असतील तर विचारपूस करा, मे अखेरपर्यंत पोस्टाने पाठवते. घुंगरूताई, तुमच्या विद्यार्थिनींसाठी एक. पाटावरवंटाकाकू, तुमच्याकडे पांढरा आहेच, म्हणून तुमच्या पाकिटावर ‘गुलाबी’ असं लिहून ठेवलंय. आणि येत्या पावसाळ्यात पांढऱ्याने रंगवून इथे कळवा, कसा चढतो ते.

पाटावरवंटा | १२ डिसेंबर, रात्री ८:०७

कळवते. धाकटीलाही बोलावून घेते, दोघी मिळून लावू. तिच्या नखांवर अजून फुलं येतात.